माडाखालचे बाक



मागील वर्षी वसईतील एका अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र घेत असताना मी वर्गाला ‘माझे आवडते ठिकाण’ या विषयावर दोन पाने लिहावयास सांगितली होती. वर्गात चाळिशी ओलांडलेल्या एक बाई होत्या. दिवसभर नोकरी, घरी दोन मुले आणि रविवारी आपले सत्र, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी विरारच्या जीवदानी देवीच्या डोंगरावर निबंध लिहिला. लेखन शुद्ध होते, परिच्छेद नेटके होते. परंतु त्यात त्या स्वतः कोठेच नव्हत्या. सत्र संपल्यावर त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सर, खरं सांगू? माझं आवडतं ठिकाण वेगळंच आहे. माझ्या वडिलांचं ताडी-माडीचं केंद्र होतं. शाळेतून आले की तिथल्या माडाखालच्या बाकावर बसून मी अभ्यास करायचे. पण ते कसं लिहिणार?”

मी क्षणभर घुटमळलो आणि म्हणालो, “बरोबर आहे. त्यापेक्षा हेच बरे.”

त्या मान हलवून निघून गेल्या. मी मात्र घरी पोहोचेपर्यंत अस्वस्थ होतो. ज्याने आयुष्यभर ‘प्रत्येक बोली आदरणीय आहे’ असे शिकविले, त्याने एका विद्यार्थिनीला तिचे सर्वांत जिवंत अनुभवविश्व बाजूला ठेवावयास सांगितले होते. त्याहून अवघड गोष्ट अशी, की तसेच एक बाक माझ्याही बालपणात होते आणि त्याविषयी मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही. हा निबंध म्हणजे त्या दिवशी मी द्यावयास हवे होते, ते उत्तर आहे.

माझे आजोबा माड काढीत असत. आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूला समुद्राच्या वाऱ्यात वाढलेल्या वाड्या आहेत. त्यांतील काही माड त्यांच्याकडे असत. पहाटे ते कमरेला आकडी बांधीत, तीत कोयती अडकवीत आणि खोडावरील खाचांत पाय रोवीत वर चढत. खालून पाहणाऱ्या मला ते झावळ्यांत नाहीसे झाल्यासारखे वाटत. थोड्या वेळाने वरून ठोकण्याचा हलका, एका लयीतला आवाज येई.

ही क्रिया आपल्यापैकी अनेकांनी पाहिली नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलण्याआधीच दोरीने घट्ट आवळून बांधतात. तिला काही दिवस हलक्या हाताने ठोकतात आणि टोकाशी पातळ काप घेतात. मग तेथून रस ठिबकू लागतो. खाली मडके बांधलेले असते. रोज नवा काप घ्यावा लागतो; तो जाड झाला तर पोय लवकर संपते, घेतलाच नाही तर रस आटतो. ज्या पोयीतून रस काढला, तिला नारळ धरत नाहीत. फळ हवे की रस, हा निर्णय माणसाला आधीच घ्यावा लागतो.

हा रस उतरताक्षणी गोड असतो. परंतु हवेतील आणि मडक्यातील यीस्ट लगेच कामाला लागते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबण्याची क्रिया थोपते आणि आपल्याला नीरा मिळते. चुना नसेल तर काही तासांतच माडी तयार होते, संध्याकाळी ती आंबटसर आणि अधिक मादक होते आणि दुसऱ्या दिवशी तिची वाटचाल सिरक्याकडे सुरू होते. त्यामुळे माडी साठवून ठेवता येत नाही, लांब पाठविता येत नाही. ती जेथे उतरते तेथेच, त्याच दिवशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सोबतीने संपवावी लागते. माडीचे केंद्र ही गावातली जागा झाली, याचे मूळ मला या रसायनात दिसते.

आजोबांची मडकी ज्या केंद्रावर जात, ते म्हणजे झावळ्यांचे छप्पर, तीन बाजूंनी कूड, दोन लांब बाके आणि एक टेबल. बाहेर पाटी होती: ‘ताडी-माडी विक्री केंद्र’. (आपल्या अभ्यासकेंद्राच्या पाटीवरही तोच ‘केंद्र’ शब्द आहे, पारिभाषिक शब्द असे निःपक्षपाती असतात.) आजोबा मला कधीकधी सोबत नेत आणि बाहेरच्या बाकावर बसवीत. माझ्या हाती उकडलेले अंडे किंवा मूठभर चणे येत. आत वाडीत पाणी लावून आलेले बागाईतदार असत, होडी ओढून आलेले कोळी असत, मुंबईच्या बाजारात भाजी आणि फुले उतरवून गाडीने परतलेले लोक असत. जातीने आणि धर्माने वेगवेगळ्या वाड्यांत राहणारी ही माणसे एका बाकावर खेटून बसत. कोणाच्या वाडीला पाणी कमी पडले, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, अर्नाळ्याला कोणती मासळी लागली, हे सारे तेथे कळे. एकाच वाक्यात सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोलींचे शब्द मिसळत आणि कोणी कोणाला सुधारीत नसे. भाषाविज्ञानाची माझी पहिली शाळा कोणती, असे विचारले, तर प्रामाणिक उत्तर हेच आहे.

आता शब्दांकडे वळू. कारण माझ्या पेशाचा माणूस शब्दांवाचून पुढे जाऊ शकत नाही. ताडापासून ताडी, माडापासून माडी, शिंदीच्या झाडापासून शिंदी: झाड आणि पेय यांचे नाते मराठीने उघड ठेवले आहे. कोकणीत नारळाच्या या रसाला ‘सूर’ म्हणतात. त्यात संस्कृत ‘सुरा’ ओळखू येते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात नारळाच्या झाडाविषयी लिहिताना या शब्दाची नोंद केली आहे. ‘अर्क’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ घाम. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यावर जमणाऱ्या थेंबांना घामाची उपमा देणारा कोणी तरी कवीच असला पाहिजे. आपली ताडी इंग्रजीत ‘टॉडी’ झाली आणि पुढे स्कॉटलंडच्या थंडीत गरम पाणी, साखर आणि व्हिस्की यांच्या मिश्रणालाही तेच नाव मिळाले. वसई-डहाणूकडच्या माणसाला ते मिश्रण ओळखू येणार नाही; शब्द मात्र आपल्याच घरचा आहे.

क्रियापदेही पाहा. माणूस माडावर चढतो आणि उतरतो. मग तो रस माणसाला चढतो आणि सकाळी उतरतो. एकाच जोडीने मराठीने श्रम आणि नशा दोन्ही सांगितले.

परंतु पेयाच्या नावांत जी प्रसन्नता आहे, ती जागेच्या नावांत नाही. इंग्रजीतील ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे संक्षिप्त रूप, म्हणजे सर्वांना खुले असलेले घर. गोव्यातील ‘तावेर्न’ पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘ताबेर्ना’चा अर्थ झोपडी किंवा दुकान. केरळात ‘कळ्ळु शाप्प’ म्हणतात; ‘कळ्ळु’ म्हणजे ताडी-माडी आणि ‘शाप्प’ म्हणजे आपले शॉप. तेथे लोक झणझणीत मासळी आणि कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद, खाण्यासाठीही जातात. आपल्याकडे काय आहे? ‘गुत्ता’, ‘पिठा’, ‘अड्डा’. यांतील ‘गुत्ता’ मूळचा मक्त्याचा, ठेक्याचा शब्द. सरकारकडून विक्रीचा मक्ता घेतला जाई, त्यावरून मक्त्याचे नाव जागेला चिकटले. ‘पिठा’ तर लाकडाचाही असतो. हे शब्द मुळात शिवीसारखे नव्हते. आपण त्यांना तसे केले. परिणाम असा, की मराठी माणसाला ‘माझा आवडता गुत्ता’ असे शीर्षक विनोदाशिवाय लिहिता येत नाही.

इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल याने मात्र १९४६ साली लंडनच्या एका सायंदैनिकात आपल्या आवडत्या पबवर एक निबंध लिहिला. त्याचे नाव ‘द मून अंडर वॉटर’. तेथे गप्पा मारता येतील इतकी शांतता आहे, वाढणाऱ्या बायका गिऱ्हाइकांना ओळखतात, मागे बाग आहे आणि तीत मुलाबाळांसह कुटुंबे बसतात, असे तो रंगवून सांगतो. शेवटी कबूल करतो, की असा पब अस्तित्वातच नाही. निबंधलेखनाचा नमुना म्हणून तो जरूर वाचा. वाचताना मला जाणवले ते हे, की ऑर्वेलला जी बाग कल्पनेने रचावी लागली, ती वसईत खरोखर होती. फक्त तिच्याविषयी लिहिण्याची कोणाला इच्छा झाली नाही.

असे का झाले, याचे उत्तर केवळ ढोंगीपणा असे दिले तर तो अन्याय होईल. मी एकाच बाजूने बोलत राहिलो तर माझी आई मला क्षमा करणार नाही.

माझे धाकटे काका दारूने गेले. ते माडीने सुरू झाले की नाही, यावर घरात एकमत नव्हते. संपले ते गावठीने, भट्टीच्या दारूने. काकूचे मंगळसूत्र गेले, भांडी गेली, आणि चौतिसाव्या वर्षी काका गेले. आजी म्हणे, “माडानं नाय खाल्ला, भट्टीनं खाल्ला.” आईला हा फरक मान्य नव्हता. तिच्या दृष्टीने बाक एकच होते. तेराव्या दिवशी तिने मला अंगणात नेले, तुळशीवर हात ठेवावयास लावला आणि त्या जागेची पायरी चढणार नाही, अशी शपथ घ्यावयास लावली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. ज्या बाकाविषयी मी एवढ्या ममतेने लिहीत आहे, त्यावर माझी काकू कधी बसली नाही. ती बाहेर रस्त्यावर उभी राहून काकांची वाट पाहत असे. ‘सर्वांचे घर’ म्हणताना त्या ‘सर्वां’त कोण नव्हते, हे विसरून चालणार नाही.

कायद्याचा इतिहासही असाच दुहेरी आहे. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने झाड काढणाऱ्याच्या हातावर परवाना आणि कर आला. गावच्या माडाचा हिशेब सरकारच्या वहीत गेला. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागे बायकांच्या डोळ्यांतले पाणी होते, हे खरे. त्याने आजोबांच्या हातची कला एका दिवसात गुन्हा ठरवली, हेही खरे. त्या वर्षांत आजोबा नारळ पाडण्याची मजुरी करीत. पुढे निर्बंध सैल झाले, परवान्याची केंद्रे आली आणि ते पुन्हा चढू लागले. मधल्या वर्षांविषयी ते कधी बोलत नसत.

मी शपथ मोडली, ती पंधरा वर्षांनी आणि तीही विद्येच्या निमित्ताने. पीएच.डी.साठी मी वसई परिसरातील व्यवसायबोलींचा अभ्यास करीत होतो. बागाईतदारांचे, मासेमारीचे, मिठागरांचे शब्द गोळा झाले; माड काढणाऱ्यांचे राहिले होते. ते ज्या जागी मोकळेपणी बोलत, ती जागा एकच होती. एका दुपारी मी वही घेऊन त्या केंद्रात शिरलो. कोपऱ्यातल्या एका वृद्धाने मला न्याहाळले. “कोनाचा तू?” मी आजोबांचे नाव सांगितले. त्यांनी बाकावरच्या माणसाला सरकावयास लावले, पेला स्वतः दुसऱ्यांदा धुतला आणि म्हणाले, “भाऊंचा नातू. बस. भाऊंचा काप कागदासारखा असायचा. माड दुखला नाय पायजे, म्हनायचे.”

त्या दुपारी आणि नंतरच्या अनेक दुपारी मी जे टिपले, त्यात मला एक सूत्र दिसले. ही माणसे माडाविषयी बोलताना माणसाची क्रियापदे वापरीत. ठोकणे म्हणजे पोय ‘जागी करणे’. रस ठिबकू लागला की माड ‘रडतो’. रस अचानक थांबला की तो ‘रुसतो’. मग त्याला दोन दिवस सोडून द्यावयाचे, बळजबरी करावयाची नाही. ज्या झाडावर रोज जीव टांगून चढावयाचे, त्याच्याशी माणूस असाच बोलणार. माझ्या वहीत अशा चाळीस-पन्नास नोंदी झाल्या. आणि हो, त्या वृद्धाने दुसऱ्यांदा धुतलेला पेला मी रिकामा केला. चव नारळाच्या पाण्याला किंचित राग आल्यासारखी होती.

प्रबंध टंकलिखित करताना मी ते संपूर्ण प्रकरण काढून टाकले. कोणी सांगितले नव्हते. मार्गदर्शकांनी ते पाहिलेही नव्हते. परीक्षक विचारतील, ‘ही सामग्री कोठे मिळाली?’ मग सांगावे लागेल. मग कोणी विचारील, ‘तेथे कसे गेलात?’ मग आजोबा सांगावे लागतील. एवढ्या भीतीसाठी मी ती पाने दोऱ्याने बांधून कपाटात ठेवली. प्रबंधात बागाईतदार आले, कोळी आले, मिठागरे आली. माझे आजोबा तेवढे आले नाहीत. पदवी मिळाली. पुढे ते वृद्ध गृहस्थही गेले. आणखी विचारावयाचे राहिले होते, ते राहिलेच.

बऱ्याच वर्षांनी मी हे आईला सांगितले. शपथ मोडल्याचेही सांगितले. ती रागावेल, असे वाटले होते. तिने फक्त विचारले, “तिथं त्यांना काय म्हणायचे?”

“भाऊ,” मी म्हणालो.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुझ्या शाळेच्या फॉर्मवर आजोबांचा धंदा शेती लिहिला, तो मीच. मास्तरांनी विचारलं नव्हतं.”

आज त्या केंद्राच्या जागी सात मजली इमारत उभी आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. त्याआधीपासूनच वाड्यांचे भूखंड होऊ लागले होते. माड कमी झाले. उरलेल्यांवर चढावयास नवी मुले तयार नाहीत, आणि ती का नाहीत, हे खोडावरून एकदा खाली पाहिलेल्या माणसाला विचारावे लागत नाही. काही ठिकाणी क्लोरल हायड्रेटसारखी रसायने मिसळून पांढरे पाणी ताडी म्हणून विकले जाते. त्याने माणसे दगावतात आणि खऱ्या माडीवरचाही विश्वास उडतो. उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत सणासुदीच्या फुग्यांचे पीठ पूर्वी ताडीने आंबवीत. गोव्यात सान्नां सुरेने फुगत. आता तेथे बहुधा पाकिटातले यीस्ट वापरतात. गोव्याला गेलो, की मी अजूनही एखाद्या जुन्या तावेर्नात जाऊन बसतो. लाकडी बाक असेल तेथे. माड काढणाऱ्याला तेथे ‘रेंदेर’ म्हणतात. पेल्यापेक्षा मला शेजारच्या माणसांच्या बोलण्यात रस असतो. पण ते आवडणे पाहुण्याचे आवडणे आहे. घरचे बाक ते घरचे.

मित्रहो, हा मद्यपानाचा पुरस्कार नव्हे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरांत माझ्या काकूसारखी बाई रस्त्यावर वाट पाहत उभी राहिली असेल. तिच्या समोर उभे राहून माडीचे गोडवे गाण्याचे धाडस मला नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की एखाद्या जागेविषयी लिहिणे म्हणजे तिला प्रशस्तिपत्र देणे नव्हे. बाकावर बसलेले आजोबा आणि रस्त्यावर उभी असलेली काकू, दोघेही एकाच पानावर आले, तरच ते पान खरे होईल. मी मात्र काकूची लाज पुढे करून आजोबांना वगळले, आणि तेही तिच्यासाठी नव्हे, स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी.

आपण दूरशिक्षणाचे विद्यार्थी आहात. आपल्यापैकी कोणी मिठागरावर वाढले असेल, कोणी भट्टीजवळ, कोणी खाटकाच्या दुकानामागे, कोणी तमाशाच्या कनातीत. नियमित महाविद्यालयातील अठरा वर्षांच्या मुलाजवळ नसलेले शब्द आपल्याजवळ आहेत. पुढील स्वाध्याय लिहिताना आधी आठवेल ते ठिकाण घ्या. शोभेल ते नंतर पाहू. तेथील वस्तूंना, कामांना आणि माणसांना तेथले लोक ज्या नावांनी हाक मारीत, ती नावे तशीच लिहा. शुद्धलेखनाचे आपण नंतर बसून पाहू.

त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. त्या उत्तीर्ण झाल्या आणि पुढच्या वर्गात गेल्या, असे केंद्रावर कळले. ही पुस्तिका कदाचित त्यांच्याही हाती पडेल. बाई, त्या दिवशी माझे चुकले. आपल्या वडिलांच्या केंद्राविषयी लिहा. बाक कसे होते, माड किती होते, आपण अभ्यास करीत असताना आतले लोक आवाज लहान करीत का, आणि आपल्या आई त्या सगळ्याविषयी काय म्हणत, तेही लिहा. मी कपाटातली माझी पाने काढून ठेवली आहेत. काही शब्दांचा अर्थ आता मला एकट्याला लागत नाही. तो आपल्याला ठाऊक असेल.